आपोआपे, नव्हतोबा आणि मी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. चूक दुसऱ्याची असली की माझा आवाज चढतो आणि माझी असली की जरा जास्तच चढतो. आई म्हणते, लोकांचा राग नाकावर असतो, हिचा जिभेवर. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या आसपास त्या जिभेचा प्रसाद केबलवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना मिळालेला आहे. अशा जिभेला वळण लावायला जो माणूस भेटला, त्याची ही आठवण.

ताथवड्याच्या कॉलेजातून डिप्लोमा केला आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागले. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मध्यमशी कंपनी. आमच्या लाइनवर बुश व्हायचा. बुश म्हणजे मधोमध भोक असलेला, अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. शिफ्टच्या सुरुवातीला मशीनमधून जो पहिला नग निघतो, तो मी तपासायचा, त्याला माझ्या सहीची चिठ्ठी बांधायची आणि तो कपाटात ठेवायचा. मग पुढचे नग. ‘मी ओके म्हटल्याशिवाय मशीन पुढं चालत नाही,’ असं मी आईला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. शेजारणींनाही ती ते सांगायची, आणि मी आतल्या खोलीतून ऐकत बसायचे.

आमच्याकडे रोज सकाळी सव्वानऊला लाल पेटीसमोर उभं राहावं लागतं. आदल्या दिवशी जे नग बाद झाले ते एका लाल रंगाच्या पेटीत टाकलेले असतात. क्वालिटीचे साहेब एकेक नग उचलतात आणि विचारतात, ‘हा का?’ समोर प्रॉडक्शन, मेंटेनन्स, स्टोअर, सगळे अर्धगोल करून उभे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आरती चालली आहे. फक्त आरतीत सगळे एकच गाणं म्हणतात, इथे प्रत्येकाचं वेगळं. मशीन जुनं आहे. माल खराब आला. मागच्या शिफ्टनं सेटिंग हलवलं. मी त्या दिवशी रजेवर होतो.

मामांची आणि माझी दोस्ती या पेटीसमोरच झाली. मामा म्हणजे आमच्या लाइनचे ऑपरेटर. लातूरकडचे, पन्नाशीला टेकलेले, ठेकेदाराकडून लागलेले. ठेकेदाराच्या माणसाला काही महिने झाले की ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे घरी बसायचं आणि बोलावणं येईल त्याची वाट बघायची. मामांनी असे पुष्कळ ब्रेक काढले होते. त्यांचा हात इतका चांगला होता की दर वेळी त्यांना परत बोलवावं लागायचं. त्या वर्षी मात्र बोलणं चाललं होतं की दिवाळीनंतर त्यांना कंपनीच्या स्वतःच्या यादीत घेणार. त्यांची मुलगी बारावीला होती. ‘एकदा कायम झालो की पोरीला म्हणणार, शिक तुला शिकायचं तेवढं,’ एवढंच ते बोलायचे आणि विषय बदलायचे.

एकदा पेटीसमोर मेंटेनन्सचा एक जण म्हणाला, ‘पट्टा तुटला नाही साहेब, आपोआप तुटला.’ आता तुटला नाही आणि आपोआप तुटला, यातलं काय धरायचं? साहेब पुढच्या नगाकडे वळले. दहाच्या चहाला मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, ‘मॅडम, त्या गड्याचं आडनाव तुमाला ठावं हाय का? आपोआपे. पिढीजात घराणं हाय त्यांचं. त्यांच्या आज्याच्या हातून घागर फुटली, तीबी आपोआप.’

मला चहाचा ठसका लागला. त्या दिवसापासून आमचा हा धंदाच झाला. स्टोअरमधला एक जण काहीही झालं तरी ‘मी तेव्हा तिथं नव्हतोच’ म्हणायचा. तो झाला नव्हतोबा. मामा म्हणाले, ह्याचं देऊळ बांधलं तरी गाभारा मोकळाच राहणार. सुपरवायझर दर वेळी छताकडे बोट दाखवून ‘वरून आलं होतं’ सांगायचे, ते वरूनआलेकर. पावसाळ्यात दमट हवेवर आणि उन्हाळ्यात उष्णतेवर खापर फोडणारे एक जण होते, ते हवामानबुवा. माझ्या टाकसाळीतला पहिला शब्द होता सिस्टीमदास. बिल अडकलं, गेटपास अडकला, जेवणाचं कूपन अडकलं, सगळ्याला सिस्टीम डाऊन हे एकच कारण देणाऱ्या ऑफिसातल्या एकासाठी. मामांनी मान डोलावली तेव्हा डिप्लोमाचा निकाल लागला होता तेव्हापेक्षा जास्त आनंद झाला.

या खेळाचे मामांचे नियम होते. एकदा चुकलेल्याला नाव द्यायचं नाही, सवय असलेल्यालाच द्यायचं. आणि पाठीमागे द्यायचं नाही. ज्याला नाव द्यायचं त्याला चहाला बसवून, त्याच्या तोंडावर, रीतसर बारसं करायचं. मामा ग्लुकोज बिस्किटाचा पुडा हातात धरून दोन्ही बाजूंना हलवायचे, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या,’ म्हणायचे आणि नाव जाहीर करायचे. घुगऱ्यांच्या जागी बिस्किटं वाटायची. बहुतेक जण हसून बिस्किट खायचे. नव्हतोबा तर म्हणाला, ‘बारशाला मी नव्हतोच,’ आणि वर दुसरं बिस्किट मागितलं.

हे शब्द मी घरी नेले. आई तर अशी रंगली की विचारू नका. दूध उतू गेलं की ‘आज आपोआपे आले होते.’ नळाला पाणी आलं नाही आणि पाणी सोडणाऱ्यानं पाइपलाइनवर ढकललं की ‘हा पाइपदास.’ एवढ्याशा शब्दांनी घरातली भांडणं कमी झाली. कुणावर ओरडायच्या आधी त्याला नाव शोधावं लागायचं, आणि नाव सापडेपर्यंत राग अर्धा उतरायचा. माझा राग असा उतरू शकतो हे मला चोविसाव्या वर्षी, मामांमुळे कळलं.

मग खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात हा दिवस दिवाळीइतकाच मोठा. आदल्या दिवशी मशिनं धुवायची, लोखंडाचा किस काढायचा, फरशी घासायची. सकाळी झेंडूचे हार, ऊस, नारळ. सगळे नवे कपडे घालून येतात आणि एरवी तेलानं माखलेल्या मशीनला नमस्कार करतात. मोजायची हत्यारंही पांढऱ्या कापडावर मांडतात. क्वालिटीची मुलगी म्हणून हळदीकुंकू लावायचा मान माझ्याकडे होता.

त्या हत्यारांत आमचं भोक तपासायचं गेज होतं. ते समजायला सोपं आहे. हातभर नाही, वीतभर पोलादी दांडी. एका बाजूचं टोक भोकात गेलं पाहिजे, दुसऱ्या बाजूचं जाडसर टोक जाता कामा नये. बारीक टोक गेलं आणि जाड टोक अडलं, तर नग बरोबर. मी ओलं कुंकू बोटावर घेऊन दोन्ही टोकांना चांगलं ठसठशीत लावलं.

मामा बाजूला उभे होते. म्हणाले, ‘मॅडम, मुठीला लावा. टोकाला नगं. मोजायचं हाय त्यानं.’

मी हसून म्हटलं, ‘मामा, देवाच्या कामात कंजुषी करू नका.’ आणि वरून हळदही लावली.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी माझी सकाळची शिफ्ट. कंपनीची बस मोशीला अडकली आणि मी धावतपळत लाइनवर पोचले. मामांनी मशीन तयार ठेवलं होतं. ‘भोक पाडायचं टूल नवीन घातलंय, मॅडम. पहिला नग नीट बगा,’ ते म्हणाले. मी पांढऱ्या कापडावरून गेज उचललं. कुंकू दोन दिवसांत वाळून टणक झालं होतं. फडकं हातात होतं, पण ते टोकावरून फिरवताना हात आखडला. पूजेचं कुंकू, तेही दसरा उलटतो न उलटतो तोच पुसायचं? मी फडकं फक्त दांडीवर फिरवलं. बारीक टोक गेलं. जाड टोक अडलं. सही केली, चिठ्ठी बांधली, नग कपाटात ठेवला.

आठवड्यानं गिऱ्हाइकाकडून अख्खा लॉट परत आला. भोक मोठं. फार नाही, पण गाडीत बसवता येणार नाही इतकं. जाड टोक अडलं होतं ते वाळलेल्या कुंकवामुळे, हे मला पेट्या उतरताना बघूनच उमगलं. कपाट उघडून तो पहिला नग मी बघितला नाही. बघितला असता तर खात्री झाली असती, आणि खात्री मला नको होती.

सव्वानऊला पेटीसमोर साहेबांनी विचारलं, ‘हा का?’

आणि मी म्हटलं, ‘ऑपरेटरनं टूल बदललं होतं. सेटिंग चुकलं.’

यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून निघालं. मी मामांकडे बघितलं नाही. ते काही बोलले नाहीत. साहेबांनी माझ्या हातात एक कागद दिला. अशा वेळी गिऱ्हाइकाला पाठवायचा कागद, त्यावर एकाखाली एक पाच वेळा ‘का?’ छापलेलं असतं आणि पाचव्या उत्तराला मूळ कारण मानतात. मी लिहीत गेले. भोक मोठं का? सेटिंग चुकलं. का? टूल नीट बसवलं नाही. का? घाई. का? लक्ष नव्हतं. का? ऑपरेटरचा निष्काळजीपणा. अक्षर छान आलं होतं. साहेबांनी वाचून विचारलं, ‘नक्की?’ मी हो म्हटलं. ते म्हणाले, ‘मग ठेकेदाराला कळवतो. उद्या कागद जाईल, शनिवारपासून याला बंद.’

दहाच्या चहाला मी मामांच्या समोर बसले. मला वाटलं होतं, ते चिडतील, निदान बारसं तरी करतील. माझी तयारी होती, उलट उत्तरही तयार होतं. मामांनी चहा प्याला, पेला विसळून ठेवला आणि ‘चला, मशीन थांबलंय,’ म्हणून उठून गेले. बिस्किटाचा पुडा तसाच राहिला. नंतर दिवसभर मी सगळ्यांवर ओरडत होते.

घरी जेवताना आईला सांगितलं. म्हणजे जसं पेटीसमोर सांगितलं तसंच. आई मामांना न बघताही ओळखत होती, त्यांचे शब्द दिवसातून दहादा वापरत होती. ती हळहळली. ‘अगं, त्याच्या पोरीचं बारावीचं वर्ष ना?’ म्हणाली. मग भाजी वाढता वाढता अगदी साधेपणानं तिनं विचारलं, ‘पण तू ओके म्हटल्याशिवाय मशीन चालत नाही ना? मग पहिला नग कुणी बघितला?’

मी फाडकन म्हटलं, ‘आई, तुला त्यातलं काही कळत नाही.’

आईनं भाजीचं भांडं झाकून बाजूला ठेवलं. तिला सगळं कळलं आहे, हे त्यावरूनच मला कळलं. चिडायचं तर कुणावर, हेही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली, आणि ती रागासारखी बाहेर टाकता येत नव्हती.

सकाळी पहिल्या बसनं गेले आणि आधी कपाट उघडलं. माझ्या सहीची चिठ्ठी बांधलेला नग. उजेडात धरला तर भोकाच्या तोंडाशी बारीक लाल रेघ गोल फिरलेली. मी दाबून बघितलेल्या, अडलेल्या जाड टोकाची खूण. तो नग मी मुठीत घट्ट धरून सव्वानऊपर्यंत फिरत होते.

पेटीसमोर साहेब यायच्या आत मी तो माझ्या हातानं पेटीत टाकला. साहेबांनी उचलला, चिठ्ठी वाचली. ‘ही तुझी सही आहे. हा का?’

मी म्हटलं, ‘साहेब, गेजच्या टोकाला मी कुंकू लावलं होतं. मामांनी नको म्हटलं होतं. मग ते पुसलं नाही आणि तसंच मोजलं. सेटिंग थोडं चुकलं असेल, पण ते पकडायचं काम माझं होतं. काल मी कागदावर लिहिलं ते ढकलायला लिहिलं.’

आवाज चढला नाही. उलट इतका बारीक निघाला की मागच्यांनी ‘काय, काय?’ विचारलं, आणि मला सगळं पुन्हा एकदा सांगावं लागलं.

तेवढ्यात मामा पुढे आले. ‘माझंबी लिवा साहेब. सकाळभर तेच गेज मी वापरलं. टोकाला कुंकू हाय हे मला ठावं होतं. पर देवाचं कुंकू पुसाय हात झाला न्हाई.’

मी मामांकडे बघतच राहिले. आपोआपे, नव्हतोबा, वरूनआलेकर, सगळे तिथेच होते. नव्हतोबा खालच्या आवाजात म्हणाला, ‘पूजेनंतर गेज पुसून कपाटात ठेवायचं काम स्टोअरचं असतं. त्या दिवशी मी होतो.’ त्याच्या तोंडून ‘मी होतो’ ऐकून साहेबांनी सुद्धा चष्मा काढला.

मग साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, ‘तिघांच्या हातून देवाचं कुंकू पुसलं गेलं नाही, हे मी गिऱ्हाइकाला इंग्रजीत कसं लिहू?’ पेटीसमोर हसू फुटलं ते पहिल्यांदाच. पण माझा कालचा कागद त्यांनी फाडला आणि नवा समोर ठेवला. त्याच्या पाचव्या ‘का?’ला कुणाचंच नाव आलं नाही. ‘पूजेनंतर हत्यारं साफ करायची पद्धत ठरलेली नव्हती,’ असं आलं. त्या कागदानं मामांची नोकरी वाचली.

मला लेखी समज मिळाली आणि होणारी बढती वर्षभर लांबली. ते बरोबरच होतं. मामांना दिवाळीनंतरच्या यादीत घेतलं नाही, ते वाईट झालं आणि त्यात माझा वाटा आहे, हे मी विसरलेली नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत ते आले. त्यांची मुलगी आता नर्सिंगला आहे. आमच्या लाइनवर खंडेनवमीला गेजच्या मुठीलाच कुंकू लावतात, आणि तशी पाटीच लावलेली आहे.

कबुली दिली त्या दिवशी दहाच्या चहाला मी स्वतः बिस्किटाचा पुडा घेऊन मामांसमोर ठेवला. विचारलं, ‘काल का नाही बोललात? तुम्ही तर आधीच सांगितलं होतं मला.’

मामा म्हणाले, ‘बोललो असतो तर मीबी ढकललंच असतं की. पुसलं तर मीबी न्हवतं. रातभर तेच इचार करायलो होतो, सांगावं का न्हाई. तुमी आधी सांगितलं मनून मला जमलं.’

मला वाटत होतं मी त्यांना वाचवलं. त्यांना वाटत होतं मी त्यांना हिंमत दिली. आणि खरं तर आदल्या दिवशीचं त्यांचं ते गप्प पेला विसळणं नसतं, तर मी दुसऱ्या दिवशीही सेटिंगलाच नावं ठेवत बसले असते. तेव्हा आभार मानायचं सुचलं नाही, म्हणून आज मानते. त्या माणसाचे, आणि भाजी वाढता वाढता प्रश्न विचारणाऱ्या माझ्या आईचे.

‘मग आता माझं बारसं करा,’ मी म्हटलं. ‘काय नाव द्यायचं ते द्या. कुंकूबाई, कापडफिरवे, काहीही. मी बिस्किट खाईन.’

मामांनी पुडा उचलला. दोन्ही बाजूंना हलवला. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.’ कॅन्टीनमधल्या टेबलांवरची डोकी वळली. मी कान टवकारले, चेहरा आत्तापासूनच तापला होता.

त्यांनी माझं नाव घेतलं. माझं, आईनं ठेवलेलं, शाळेच्या हजेरीत असायचं तेच. पुढे मॅडम न लावता.

मग पुडा फोडून पहिलं बिस्किट माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, ‘खा. चहा निवायलाय तुझा.’